नित्याचा रस्ता आणि अप्रमाद

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या विद्यालयाची पहिली तुकडी भरली, तेव्हा पालकभेटीच्या रविवारी फाटकापाशी एकही मोटार उभी नसे. पालक एस.टी.ने फाट्यावर उतरत आणि डोक्यावर गाठोडे घेऊन उरलेली वाट पायी चालत येत. आज त्याच फाटकाबाहेर मोटारींची दुतर्फा रांग लागते. त्यांतील कित्येक मोटारी आमच्याच माजी विद्यार्थ्यांच्या असतात. कोणी शिक्षक झाला, कोणी बँकेत लागला, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे. ज्या घरात सायकल हीच मोठी मिळकत होती, त्या घराच्या दारात आज चारचाकी उभी आहे. याचा आम्हांस मनापासून आनंद आहे.

परंतु या आनंदाबरोबर एक जबाबदारीही दारात येऊन उभी राहिली आहे. आपल्यापैकी बहुतेक घरांत मोटार चालविणारी ही पहिलीच पिढी होय. पेरणी कधी करावी, बैल कसा हाकावा हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येत असे. मोटार चालविण्याचे शहाणपण मात्र घरातून मिळालेले नाही. प्रशिक्षण वर्गात पंधरा-वीस दिवसांत क्लच, गिअर आणि वळण शिकविले जाते, परवाना हाती येतो आणि पुढचे सारे ज्याने त्याने रस्त्यावर शिकावे अशी रीत पडली आहे. रस्त्यावर शिकलेल्या धड्याची किंमत कधी कधी फार मोठी पडते. म्हणून या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही हा व्यवहाराचा विषय अभ्यासासाठी घेतला आहे. ज्या मुलांना आपण शिकवून मोठे केले, त्यांना रस्त्यावर गमावणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही.

संकट ओळखीच्या वाटेवर असते

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दररोज सुमारे ४६० माणसे, दर तासाला एकोणीस. आमच्या विद्यालयाच्या एका वर्गाचा पट साधारण चाळीस असतो. तेवढी माणसे दर दोन-सव्वादोन तासांनी या देशाच्या रस्त्यांवर संपतात.

या अहवालांतील आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. निम्म्याहून अधिक अपघात वळणावर किंवा घाटात होत नाहीत, तर सरळ रस्त्यावर होतात. बहुसंख्य अपघात धुक्यात किंवा मुसळधार पावसात होत नाहीत, तर स्वच्छ हवेत होतात. घाटात माणूस सावध असतो. अनोळखी शहरात तो दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरतो. घर ते कार्यालय, गाव ते तालुका, वसतिगृह ते बाजार या रोजच्या वाटेवर मात्र हात गाडी चालवितात आणि मन दुसरीकडे फिरत असते.

येथे आमच्याच अनुभवातील एक प्रसंग सांगतो. तो सांगताना संकोच वाटतो आणि म्हणूनच तो सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून विद्यालयाचे सामान घेऊन आम्ही मोटारीने परतत होतो. रस्त्यातील प्रत्येक खड्डा आमच्या ओळखीचा होता. वसतिगृहाची भिंत दिसू लागली आणि शेजारच्या आसनावर ठेवलेला भ्रमणध्वनी वाजला. कोणाचा आहे एवढे पाहावे म्हणून आम्ही नजर खाली वळविली. नजर वर उचलली तेव्हा सहावीतला एक मुलगा चेंडूमागे धावत रस्त्याच्या मधोमध आला होता. ब्रेक दाबला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुलाने चेंडू उचलला, आमच्याकडे पाहून ओळखीचे हसला आणि निघून गेला. काय घडता घडता राहिले, हे त्याला कळलेही नाही. आम्ही मात्र बराच वेळ गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो.

त्या सायंकाळी आम्ही स्वतःचीच तपासणी केली. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होता. रस्ता कोरडा होता. परवाना खिशात होता, पट्टा लावलेला होता, ब्रेक उत्तम होते. कमी होते ते केवळ लक्ष. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. आमची नजर दोन सेकंद खाली असेल, तर २२ मीटर अंतर आम्ही डोळे मिटून कापले होते. ते अंतर आणखी हातभर वाढले असते, तर हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांस उरला नसता.

प्रमाद या शब्दाचा अर्थ

आपल्या विद्यालयात दररोज सकाळी पंचशील ग्रहण केले जाते. पाचवे शील मद्य व मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु ही वस्तू वर्ज्य का, याचे कारण त्या शिलाच्या शब्दांतच दिलेले आहे, इकडे आपले लक्ष क्वचित जाते. मद्य हे प्रमादाचे कारण आहे म्हणून ते वर्ज्य. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, भान सुटणे. त्याच्या उलट अप्रमाद, ज्याला पालीत अप्पमाद म्हणतात. धम्मपदाचा दुसरा वर्ग याच नावाचा आहे आणि महापरिनिब्बान सुत्तानुसार तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. पाचव्या शिलाचा हा हेतू ध्यानी घेतला, तर चालकाला ते केवळ बाटलीपुरते मर्यादित ठेवता येणार नाही. जे जे चालकाचे भान हरपते, मग तो भ्रमणध्वनी असो, अपुरी झोप असो वा संताप असो, ते ते त्या हेतूच्या आड येते.

संयुत्त निकायातील सतिपट्ठान संयुत्तात एक दृष्टांत आहे. नगरातील सर्वांत देखणी स्त्री नाचत-गात आहे आणि तिला पाहण्यासाठी प्रचंड गर्दी लोटली आहे. जगण्याची इच्छा असलेल्या एका माणसाच्या हाती तेलाने काठोकाठ भरलेले पात्र दिले जाते आणि त्याला गर्दी व नर्तकी यांच्या मधून चालत जाण्यास सांगितले जाते. त्याच्या मागे तलवार उगारलेला एक मनुष्य चालतो. तेलाचा एक थेंब सांडला तरी मान उडणार. असा माणूस तेलाचे पात्र विसरून नाचाकडे पाहील काय, असा प्रश्न तथागत भिक्खूंना विचारतात. ते पात्र म्हणजे देहाविषयीची जागृती होय, असे ते पुढे स्पष्ट करतात.

आम्हांस वाटते, मोटार चालविणाऱ्याची स्थिती याहून फार वेगळी नाही. भोवती गर्दी आहे, नजर ओढून घेणारे फलक आहेत, गाडीत गाणी आणि गप्पा आहेत आणि हाती काठोकाठ भरलेले पात्र आहे. फरक इतकाच, की येथे थेंब सांडला तर तलवार नेहमी आपल्याच मानेवर पडते असे नाही. ती रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसावर पडू शकते. म्हणून वाहन चालविताना पाळावयाचा अप्रमाद हा पाचव्या शिलाबरोबर पहिल्या शिलाचाही, म्हणजे प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचाही विषय ठरतो.

वेगाचे गणित

अप्रमाद ही वृत्ती असली तरी तिला ज्ञानाची जोड हवी. पहिले ज्ञान वेगाचे. मंत्रालयाच्या त्याच अहवालात २०२२ मधील मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली आहे.

अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जागरूक माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी मूळ वेगानेच धावत असते. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबण्यास जे अंतर लागते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ४० वेगाने जाणारी गाडी एकूण सुमारे २० मीटरमध्ये थांबते, ताशी ६० असता सुमारे ३६ मीटर लागतात, तर ताशी ८० असता सुमारे ५७ मीटर.

आता एक उदाहरण विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवून पाहावे. दोन मोटारी शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एकीचा वेग ६० आणि दुसरीचा ८०. दोन्ही चालकांना समोर ३७ मीटरवर एकाच क्षणी गाय दिसते आणि दोघेही सारख्याच तत्परतेने ब्रेक दाबतात. पहिली गाडी गायीच्या अगदी अलीकडे थांबते. दुसरी गाडी त्याच जागी पोहोचते, तेव्हा तिचा वेग अद्याप ताशी ६० च्या आसपास असतो. केवळ २० किलोमीटरच्या फरकाने एकीकडे काहीच घडले नाही आणि दुसरीकडे प्राणघातक धडक झाली. ताशी ६० वेगाची धडक म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखे आहे. गच्चीच्या कठड्याजवळ आपण जपून उभे राहतो, पण आसनावर आरामात बसल्यामुळे वेगाची उंची आपल्याला दिसत नाही.

आणि या वेगाने मिळते काय? वीस किलोमीटरचे अंतर ६० ऐवजी ८० च्या वेगाने कापले, तर हिशेबाने पाच मिनिटे वाचतात. वाटेतील गतिरोधक, गावे आणि चौक धरले तर तीही वाचत नाहीत. पाच मिनिटे लवकर निघणे हाच त्यावरील सोपा उपाय होय.

पुढील गाडी आणि समोरची गाडी

पुढील वाहनापासून किती अंतर ठेवावे, हे मीटरमध्ये मोजता येत नाही, पण सेकंदांत मोजता येते. पुढील वाहन एखाद्या झाडापाशी वा खांबापाशी पोहोचले की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ असे म्हणावे. ‘एक हजार दोन’ पूर्ण होण्यापूर्वीच आपण त्या खुणेपाशी आलो, तर आपण फार जवळ आहोत. तीन पूर्ण व्हावेत हे बरे आणि पावसात ही मोजणी दुप्पट करावी. मधल्या जागेत कोणी दुचाकी घुसवील, तर घुसवू द्यावी. आपण पुन्हा थोडे मागे राहावे.

आपल्या भागातील बहुतेक रस्ते दुपदरी आणि दुभाजक नसलेले आहेत. तेथे ओव्हरटेक करणे हे सर्वांत जोखमीचे काम होय. ट्रक ताशी ५० ने चालला आहे आणि आपण ७० ने त्याला मागे टाकू पाहतो. ट्रकच्या मागून निघून त्याच्या पुढे सुरक्षित येण्यासाठी त्याच्या तुलनेत सुमारे ५० मीटर अधिक जावे लागते आणि त्यास नऊ सेकंद लागतात. त्या नऊ सेकंदांत आपण १७५ मीटर पुढे जातो. समोरून ७० च्याच वेगाने येणारे वाहनही तेवढेच अंतर आपल्या दिशेने येते. म्हणजे किमान ३५० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. चढावर, वळणावर, पुलावर एवढा रस्ता दिसतच नाही. दिसत नसेल तर जाऊ नये. त्यात मोठे शास्त्र नाही, केवळ संयम आहे.

पट्टा सर्वांसाठी

आज वापरला जाणारा तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. आपल्या देशात २०२२ मध्ये पट्टा न लावलेली १६,७१५ माणसे अपघातांत मरण पावली. त्यांपैकी ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. पट्टा हा केवळ चालकाचा अलंकार नव्हे, हे या दोन आकड्यांवरून कळावे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासह मागील आसनावर बसलेले सहप्रवासी मरण पावले, तर पुढे बसलेले दोघे वाचले. मागील दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. मागील आसनावरही पट्टा लावणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. दंडाचा विचार मात्र दुय्यम मानावा.

आमच्या पालकवर्गात एक समजूत घट्ट आहे, की मूल आईच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित असते. घरात ते खरे आहे, धावत्या मोटारीत नाही. ताशी ५० वेगाची गाडी धडकेने अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने पुढे फेकली जाते. दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी त्या क्षणी २०० किलो वजन पेलावे लागेल. कोणत्याही आईच्या हातांत एवढे बळ नसते, तिच्या मायेचा येथे इलाज चालत नाही. लहान मुलांना मागील आसनावर, त्यांच्या वयास योग्य अशा बालआसनात पट्ट्याने बांधूनच बसवावे. पुढच्या आसनावर मांडीवर बसविलेल्या बाळाला एअरबॅग उघडण्याचा आघातही जीवघेणा ठरू शकतो.

भ्रमणध्वनी, झोप आणि मद्य

भ्रमणध्वनीविषयी आम्ही स्वतःचा प्रसंग वर सांगितलाच आहे. त्यानंतर आम्ही एक नियम केला. गाडी सुरू करण्यापूर्वी तो आवाज बंद करून मागील आसनावरील पिशवीत ठेवावयाचा. कानाला यंत्र लावून बोलल्याने हात मोकळे राहतात, पण मन मोकळे राहत नाही. ज्यांना आपण घरून फोन करतो ते गाडी चालवीत आहेत असे कळले, तर संभाषण तेथेच थांबवावे. हीसुद्धा त्यांची काळजीच होय.

झोपेचा शत्रू अधिक फसवा आहे. ताशी ८० वेगाने जाताना तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सुमारे ६७ मीटर चालकाविना धावते. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा काळ आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास विशेष जपण्याचे. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखू मळणे यांनी झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटे खरोखर झोपणे हा खरा उपाय. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे आपले बांधव भाड्याची जीप करून रात्रभर प्रवास करतात, दिवसभर रांगेत उभे राहतात आणि त्याच रात्री परत निघतात. प्रवासी मागे झोपी जातात, पण चालकही दोन रात्रींचा जागाच असतो. आमची विनंती आहे, की अशा प्रवासात चालकाच्या झोपेची सोय आधी करावी आणि मग आपल्या आसनाची. अभिवादन करून सर्वांनी सुखरूप घरी पोहोचणे हाही त्या अभिवादनाचाच भाग आहे.

मद्याबाबत कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शील पाळणाऱ्यास या मर्यादेची गरज पडू नये. औषधांकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. सर्दी, खाज, ॲलर्जी यांवरील काही गोळ्यांनी गुंगी येते. अशी गोळी घेतल्यावर गाडी चालवावी काय, हे वैद्यांना विचारून घ्यावे.

आपल्या रस्त्यांचे स्वभाव

गळीत हंगामात, साधारणतः दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्यापर्यंत, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रीच्या अंधारात रस्त्याने जातात. कित्येकींना मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो. बैलगाड्यांचेही तसेच. म्हणून रात्री इतकाच वेग ठेवावा, की दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबू शकेल. समोरून वाहन येताच दिवे डिपरवर घ्यावेत. समोरच्याने घेतले नाहीत तर सूड म्हणून आपलेही प्रखर करू नयेत. दोन आंधळ्या चालकांपेक्षा एक आंधळा चालक बरा. अशा वेळी वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल आणि धूळ यांचा चिखल होऊन डांबर निसरडे होते. पाणी साचले असता वेगात चाके पाण्यावर तरंगू लागतात आणि स्टीअरिंग हलके लागते. तेव्हा जोराने ब्रेक न मारता ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टीअरिंग सरळ धरावे. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या, की खाचेतील लहान उंचवटा टायरच्या पृष्ठभागाशी समतल होतो. ती टायर बदलण्याची खूण होय. टायर थंड असताना पंधरवड्यातून एकदा हवा तपासावी. पुरेशी हवा किती, हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते.

गाडी थांबल्यानंतरही प्रमाद घडतो. उजवीकडचे दार उघडताना चालकाने डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. मागे घेताना आरशावर वा कॅमेऱ्यावर विसंबू नये. शाळा, अंगण, खळे अशा ठिकाणी आधी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारावी. चार वर्षांचे मूल गाडीच्या मागे बसले, तर ते कोणत्याही आरशात दिसत नाही. आमच्या आवारात हा नियम सर्वांना लागू आहे, पाहुण्यांनाही.

चावी कोणाच्या हाती

सुट्टीत घरी गेलेला मुलगा ‘सर, मला गाडी येते’ असे कौतुकाने सांगतो, तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. परंतु कायद्यापूर्वीही एक गोष्ट आहे. मूल गाडी चालविण्यास हात-पायांनी शिकत नाही, ते वडिलांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे शिकत असते. वडील सिग्नल तोडतात, समोरच्यास शिवी देतात, हे ते टिपून ठेवते. आपण दुसऱ्याला वाट करून देतो, तेही ते टिपते. कोणी चुकीच्या बाजूने आला, तर त्याच्याविषयी मैत्रीभाव ठेवणे कठीण खरे, पण त्या क्षणी आसनावर बसलेल्या आपल्या मुलासाठी तरी ते करावे.

अपघात दिसल्यास

अपघातग्रस्तास मदत केली तर पोलीस आणि कोर्टाचा ससेमिरा लागेल, या भयाने पुष्कळ लोक गाडी न थांबवता निघून जातात. हे भय आता निराधार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आपली गाडी सुरक्षित बाजूला लावावी, इंडिकेटरचे चारही दिवे सुरू करावेत आणि १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर पोलीस बोलवावेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. आग वा अन्य तातडीचा धोका नसेल, तर जखमीस ओढून काढू नये, कारण मणक्याला इजा असू शकते. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापडाने दाब धरावा, पाणी पाजू नये आणि मदत येईपर्यंत जवळ थांबावे. केवळ जवळ थांबणे हेही करुणेचे मोठे काम आहे.

रोजचा पाठ

अभ्यास आचरणात उतरला नाही तर तो व्यर्थ ठरतो. म्हणून वाचकांनी पुढील पाच गोष्टी महिनाभर पाळून पाहाव्यात.

१. चावी फिरविण्यापूर्वी स्वस्थ बसून तीन श्वास घ्यावेत आणि स्वतःस विचारावे : मी जागा आहे काय? मी रागात आहे काय? मला घाई आहे काय?

२. सर्वांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवू नये. ही तपासणी घरातील लहान मुलाकडे सोपवावी. मुले हे काम फार निष्ठेने करतात.

३. भ्रमणध्वनी हाताच्या अंतरापलीकडे ठेवावा.

४. रोजच्या वाटेवरील शाळा, वस्ती, पाणवठा अशी तीन ठिकाणे निवडावीत आणि तेथे पोहोचताच दरवेळी पाय ब्रेकवर आणावा, समोर कोणी असो वा नसो.

५. घरी पोहोचल्यावर आजच्या प्रवासात मन कोठे भटकले, हे एकदा आठवावे. दोष देण्यासाठी नव्हे, तर ओळखण्यासाठी.

वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांनी ताशी ५० आणि ताशी १०० वेगांसाठी थांबण्याचे अंतर स्वतः काढून वर्गात मांडावे, तसेच विद्यालयासमोरील रस्त्यावर कोणत्या वेळी कोण चालते, कोण खेळते याची आठवडाभर नोंद करून ती पालकसभेत वाचून दाखवावी.

चेंडूमागे धावलेला तो मुलगा आज मोठा झाला आहे. मागील वर्षी तो स्वतःची मोटार घेऊन विद्यालयात आला. फाटकाच्या बरेच अलीकडे त्याने वेग कमी केला, उतरून गाडीभोवती फेरी मारली आणि मगच गाडी लावली. त्या सायंकाळची गोष्ट आम्ही त्याला तोवर सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. तो ऐकून क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘सर, मग मीही फोन मागच्या पिशवीतच ठेवीन.’